कोरं खापर

१

थिमाऱ्याच्या हुतात्म्यांची जत्रा आठ दिवसांवर आली असताना सातव्या हुतात्म्याचं नाव नाहीसं झालं.

हुतात्मा नाहीसा झाला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. सम्राटाच्या देवांना धूप वाहायला नकार देऊन तुरुंगात मेलेल्या बाकीच्या सहा जणांबरोबर तो टेकडीवरच्या थडग्यात तीस वर्षं निवांत पडून होता. नाव गेलं ते पत्रातून. जुन्या बिशपांनी तुरुंगातून धाडलेलं, लव्हाळ्याच्या कागदावरचं ते पत्र म्हणजे थिमाऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीचा जीव की प्राण. पत्र धाडून पंधरा दिवसांत ते स्वतःही हुतात्मा झाले. दर वर्षी जत्रेला थडग्यापाशी ते वाचायचं, ऐकून सगळ्यांनी रडायचं, आणि रडून झालं की जवाची पेज आणि वाइन अशी काही रिचवायची की एका वर्षी तिथं चरणारी बकरीसुद्धा भजन म्हणत घरी गेली. मी पाहिलेलं नाही, पण बकरीचा मालक खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता.

जत्रेच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी पत्र पेटीतून काढून खिडकीतल्या उन्हात ठेवत, आणि हुतात्म्यांचे नातेवाईक येऊन आपापल्या माणसाच्या नावाचा मुका घेत. शनिवारी सकाळी वाचक मुस्तुल घसा साफ करून सरावाला बसला, सहा नावं खणखणीत म्हणून गेला आणि सातव्याला त्याचा आवाज हवेतच राहिला. तिथं काहीच नव्हतं. मात्तानचं नाव होतं तिथं स्वच्छ, पिवळट कागद.

लगेच सिद्दिनला बोलावणं गेलं. सिद्दिन हा मंडळीचा डीकन, म्हणजे बिशपांचा उजवा हात, आणि बरेचदा डावाही. वय बावन्न, एक खांदा खाली, चालताना काहीतरी पडलंय आणि ते शोधतोय असं वाटायचं. काही हरवलं, कुणी कुणाशी बोलेनासं झालं, कुणाच्या कोंबडीने परक्या अंगणात अंडं घातलं, की निवाडा सिद्दिनकडे. अंड्याच्या खटल्यात त्याने अंडं उबवून पिल्लाला दोन घरांच्या मधोमध सोडलं होतं. पिल्लू तिसऱ्याच घरी गेलं, ते सोडा.

सिद्दिनने पत्र उजेडाला धरलं. सातवं नाव ओळीच्या शेवटी, जागा न पुरल्याने समासात घुसलेलं असायचं. आता समास मोकळा होता. पण सहाव्या नावाच्या शेवटच्या अक्षराची शेपटी मात्तानच्या पहिल्या अक्षराला जवळजवळ चिकटलेली असायची, आणि ती शेपटी जशीच्या तशी शाबूत होती.

नवे बिशप यादेर दारात येऊन उभे राहिले. या माणसाला पत्रं लिहायचा भारी नाद. शेजारच्या खोलीतल्या स्वयंपाक्याला "मीठ कमी" हेही ते लिहून कळवत, वर "प्रभूमध्ये प्रिय बंधू" असा मायना घालून. ते म्हणाले की काल या खोलीत पत्राजवळ फक्त मुस्तुल, हुतात्म्यांच्या घरच्यांतल्या आता उरलेल्या दोघी स्पेसिना आणि अरिशात, सिद्दिन आणि ते स्वतः, एवढेच होते. हुतात्म्याचं नाव पुसणारा जत्रेच्या दिवशी मंडळीबाहेर जाईल. त्याला प्रभूची भाकर नाही, आणि मेल्यावर टेकडीवर आपल्या माणसांशेजारी जागाही नाही.

"आणि बुल्लाऱ्याच्या मंडळीला पत्र धाडतो," ते म्हणाले. "जुन्या बिशपांनी हेच पत्र त्यांनाही धाडलं होतं. त्यांची प्रत मागवू, म्हणजे शंकाच नको."

सिद्दिन घाईने म्हणाला, "कशाला बाबा? सातही नावं पोरासोरांना पाठ आहेत."

पण यादेरांनी तोवर बोरू शाईत बुडवलाही होता. सिद्दिनचा चेहरा उतरला. लोकांना वाटलं, दुःखाने. ते खरंच होतं, पण अर्धंच.

२

आमच्याकडे मेलेल्यांचे दोन भाग आहेत, आणि या गोष्टीची सगळी मेख तिथं आहे.

साधा माणूस मेला की मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. घरची माणसं खापराच्या तुकड्यावर त्याचं नाव खरडून दाराजवळच्या टोपलीत टाकतात आणि डीकन ती नावं रविवारी वाचतो. हुतात्म्याचं उलट. त्याच्यासाठी प्रार्थना करायची नाही. तो देवाच्या मांडीवर बसलेला, त्याला आपली काय गरज? त्याच्यासाठी प्रार्थना मागणं म्हणजे त्याचा अपमान. त्याच्याकडे आपण मागायचं. त्याच्या मरणाच्या दिवसालासुद्धा जन्मदिवस म्हणायचं.

त्या टोपलीत दर रविवारी एक कोरं खापर निघायचं. नाव नाही, खूण नाही. कुणाचा तरी चाळा, म्हणून सिद्दिन ते बाजूला टाकायचा. त्याच्या मेजाचे तीन पाय आखूड होते. कोऱ्या खापरांनी तिन्ही समतोल केले आणि वर दाराला अडसर म्हणून एक ढीगही झाला.

तर सिद्दिन आधी स्पेसिनाकडे गेला. ही तेलाच्या घाण्याची मालकीण, अंगाने भरदार, जिभेने त्याहून. तिचा भाऊ लुकिल यादीतला पहिला हुतात्मा. पण लोक लुकिलकडे काही मागत नसत, कारण एकदा कुणी मुलगा मागितला तर शेजारणीला जुळे झाले. सगळी गर्दी मात्तानकडे. मात्तान हरवलेली गाढवं शोधून द्यायचा, दाढदुखी थांबवायचा, रागावलेल्या सासवा शांत करायचा.

"माझ्या भावाच्या बाजूला नवसाच्या पेजेचा एक वाडगा, आणि त्या मात्तानच्या बाजूला सतरा," स्पेसिना म्हणाली. "मला राग येतो, सिद्दिनभाऊ. येणारच. पण नाव पुसायचं असतं तर मी वाळूने घासलं असतं आणि गावाला सांगितलं असतं. चोरून करायला मला वेळ कुठाय?"

हे सिद्दिनला पटलं. स्पेसिनाने आयुष्यात एकही गोष्ट हळू केली नव्हती.

तिथून तो अरिशातकडे गेला. मात्तानची आई. सत्तरी ओलांडलेली, चिंचोक्याएवढी बाई, उंबऱ्यात बसून जत्रेच्या पेजेसाठी जव निवडत होती. सिद्दिन तिला मावशी म्हणायचा. तीस वर्षांपूर्वी पत्र घेऊन तुरुंगातून चालत आला होता तो हाच, तेव्हा बावीस वर्षांचा वाचक, आणि वेशीवर सर्वांत पुढे उभी होती ती हीच. तेव्हापासून एक आठवडा असा गेला नाही की तो तिच्याकडे अंजीर नाहीतर लाकडं घेऊन आला नाही. गाव म्हणायचं, हुतात्म्याच्या आईची सेवा करतोय, पुण्यवान आहे.

नाव गेल्याचं ऐकून ती रडली नाही. काल तिने मुका घेतला तेव्हा नाव होतं का, असं विचारलं तर म्हणाली, होतं, चांगलं काळंभोर होतं.

"तुम्हाला कुणाचा संशय, मावशी?"

"म्हातारीला काय कळतंय. तू मोठा शोधणारा." तिने वाडग्यातली पेज बाजूला सारली. "घेऊन जा ही, तूच खा. कालपासून तोंडाची चवच गेली. पेज कडू, पाणी कडू, अंजीरसुद्धा कडू."

म्हाताऱ्या माणसांची चव जाते. सिद्दिनने पेज खाल्ली. चांगली गोड होती.

३

मुस्तुलला वाटायचं की देवाने आधी त्याचा आवाज केला आणि मग तो ठेवायला जागा हवी म्हणून उरलेला मुस्तुल. जत्रेच्या आदल्या दिवशी सिद्दिन त्याच्याकडे आला आणि संशय आपल्यावरही आहे हे कळल्यावर तो फार दुखावला. त्याने नाव पुसलं नव्हतं. उलट गेल्या वर्षी जत्रा झाल्यावर त्यानेच सातही नावं नव्याने गिरवली होती, हे सिद्दिनला माहीत नव्हतं का?

सिद्दिनला माहीत नव्हतं.

मग मुस्तुलने सांगितलं. नावं मुक्यांनी पुसट झाली होती. मात्तानचं तर इतकं, की गेली दोन-तीन वर्षं तो ते अंदाजाने वाचायचा. एक वर्ष आणखी गेलं असतं तर उरलंच नसतं. म्हणून एका दुपारी बसून बोरू फिरवला. शाईत कडू दवण्याचा रस घातला, उंदीर आणि कसर लागू नये म्हणून. बिशपांना सांगितलं नाही, कारण त्यांनी त्यावरही एक पत्र लिहिलं असतं.

दोघांनी मग त्याच शाईने एका चिठोऱ्यावर दोन नावं जवळजवळ लिहिली, वाळवली, आणि एक पुसायला बसले. ओल्या बोळ्याने शेजारचं नावही फराटलं. सुरीने कागदाचे धागे निघाले. पत्रावर दोन्ही झालं नव्हतं. ज्याने केलं त्याच्याकडे काहीतरी लहान, मऊ आणि ओलं होतं, आणि ते नेमकं फिरवता येत होतं.

"शाळेत आपण चुकलेलं अक्षर काय करायचो?" मुस्तुल सहज म्हणाला. "मास्तरांनी बघायच्या आत?"

 सिद्दिनने चिठोरा तोंडाशी नेला आणि दुसरं नाव चाटलं. दोन-तीनदा जीभ फिरवली. नाव गेलं. पहिल्या नावाची शेपटी जागच्या जागी राहिली.

आणि तोंडात असा कडूपणा पसरला की त्याचे डोळे भरून आले. पाणी प्याला, पाणी कडू. भाकर चावली, भाकर कडू. मुस्तुलने अंजीर दिलं, त्याचा घास तोंडात घेतला आणि सिद्दिनला अरिशातचे शब्द आठवले.

पेज कडू, पाणी कडू, अंजीरसुद्धा कडू.

मुका घेताना तिने ओठ टेकले तेव्हा सगळ्यांनी आदराने माना खाली घातल्या होत्या. कोण बघणार होतं? पण ज्या आईच्या मुलाला अख्खं गाव नवस बोलतं, ती त्याचं नाव का चाटून टाकेल?

दारात यादेर उभे होते. हातात पत्र होतं. त्यांनी आधी सिद्दिनची काळीकुट्ट जीभ पाहिली, मग चिठोरा, मग पुन्हा जीभ. पण जे सांगायचं होतं ते त्याहून मोठं होतं.

"बुल्लाऱ्याहून उत्तर आलंय," ते म्हणाले. "त्यांच्या प्रतीत सहाच नावं आहेत. पुसलेलं काही नाही, आधीपासून सहाच. मात्तान त्यात कधी नव्हताच."

४

मुस्तुलला वाटलं बुल्लाऱ्याचे लोक नकला करण्यात गचाळ आहेत. यादेरांना तसं वाटलं नाही. प्रत खालच्या सहीनिशी तुरुंगातूनच गेलेली होती. म्हणजे थिमाऱ्याच्या पत्रात सातवं नाव कुणीतरी घुसडलं होतं, आणि तीस वर्षांनी कुणीतरी ते काढलं होतं. एक चोर शोधायला निघालो तर दोन निघाले. उद्या जत्रा. "मला दोन्ही चोरांची नावं हवीत," एवढं बोलून ते लिहायला गेले.

सिद्दिन थेट अरिशातकडे गेला. ती जव दळत होती. तो समोर बसला आणि जीभ बाहेर काढून दाखवली.

जातं थांबलं. तिने ती जीभ नीट पाहिली. मग म्हणाली, "आठवडा झाला, माझं अजून गेलेलं नाही. पाणी तेवढं थोडं बरं लागतं."

"का, मावशी?"

ती उठली, जवाच्या रांजणात कोपरापर्यंत हात घालून एक घडी केलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. सरकारी दाखला होता, असे त्या वर्षी हजारो निघाले. अमक्या दिवशी, आमच्यासमोर, थिमाऱ्याच्या मात्तानने देवांना धूप वाहिला आहे, म्हणून त्याला सोडून देण्यात यावे. खाली शिक्का.

मग ती सांगत गेली, आणि तिचा आवाज जात्याच्या आवाजासारखा एकसारखा होता. ती तुरुंगाच्या दाराशी गेली होती. पोराच्या पायावर डोकं ठेवलं होतं. चिमूटभर धूप टाक म्हणाली, माझ्यासाठी टाक, मग तुझा देव मला काय करायचं ते करू दे. तो नाही म्हणाला. ती घरी आली. दुसऱ्या दिवशी त्याने टाकला. बेड्या काढल्या तरी तो घरी आला नाही, त्या सहा जणांच्या कोठडीत परत जाऊन बसला, ज्या हाताने धूप टाकला तो भिंतीवर घासत. फटक्यांच्या जखमा होत्याच. तिसऱ्या दिवशी तापात गेला. पहारेकऱ्याच्या बायकोने दाखला तिला आणून दिला. सातही मढी एकाच गाडीतून आली.

"आणि मग ते पत्र आलं," ती म्हणाली. "तूच आणलंस. वेशीवर वाचलंस. सहा नावं ऐकली आणि म्हटलं, बरं, माझा साध्या मेलेल्यांत. त्याच्यासाठी मी मागेन, मंडळी मागेल. हात पसरून पसरून सोडवून आणू त्याला. तेवढ्यात तू सातवं वाचलंस."

सिद्दिनने दाखला घडी करून तिच्यासमोर ठेवला.

"लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी कुणाला सांगू? लिहिणारे बिशप स्वतःच हुतात्मे. त्यांचं अक्षर खोटं म्हणू? वाटलं, त्यांची चूक झाली असेल, पुसट होईल हळूहळू. दर वर्षी मुका घेताना थोडी जीभ लावायची. थोडी थोडी, कुणाला कळणार नाही अशी. तीस वर्षं पुसत आणलं होतं, सिद्दिना. आणि त्या शहाण्याने एका दुपारीत गिरवून ठेवलं. आता मला तीस वर्षं कुठली?"

बाहेर लोक टेकडीकडे मडकी घेऊन चालले होते. कुणीतरी जाता जाता ओरडून म्हणालं की म्हातारे, मुलाला आमच्या गाढवाची आठवण करून दे. तिने सवयीने हात हलवला.

"सगळे त्याच्याकडे मागतात. त्याच्यासाठी कुणी मागत नाही. मेलेल्यांत एवढा एकटा कुणी नाही, बघ. मी दर रविवारी टोपलीत खापर टाकते. कोरं. हुतात्म्याचं नाव टाकलं तर लोक म्हणतील म्हातारीला वेड लागलं. म्हटलं, डीकन हातात तर घेत असेल. देवाला कळेल."

सिद्दिनला त्याच्या मेजाचे पाय आठवले.

आता ती गोष्ट सांगतो, जी त्याने आठ दिवस आणि त्याआधी तीस वर्षं पोटात ठेवली होती. तुरुंगात बिशपांनी मजकूर सांगितला आणि बावीस वर्षांच्या सिद्दिनने लिहिला, दोन प्रतींत. सहा नावं झाली. त्याने विचारलं, आणि मात्तान? बिशपांनी नुसती मान हलवली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी दोन्ही पत्रांखाली आपल्या हाताने आशीर्वाद लिहिला. थिमारा दिसू लागला तसं सिद्दिनला वेशीवर अगदी पुढे एक लहानशी आकृती दिसली. तो एका दगडावर बसला, बोरू काढला. ओळीत जागा नव्हती. समासात लिहिलं.

हे त्याने तिला सांगितलं. मान वर न करता सांगितलं.

"तू लिहिलंस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून, मावशी. तुम्ही पुढेच उभ्या होतात."

जात्यावर बसलेली माशी दोनदा उडाली आणि दोनदा परत बसली.

"दर आठवड्याला अंजीर आणायचास," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मला पोराची जत्रा दिलीस, आणि पोराची प्रार्थना काढून घेतलीस." ती रागाने म्हणाली नाही, हेच वाईट होतं. मग तिने दाखला त्याच्या मांडीवर ठेवला. "काढ त्याला तिथून. साध्या मेलेल्यांत बसू दे. माझ्या टेकडीवरच्या जागेचं काय व्हायचं ते होऊ दे."

५

जत्रेला आसपासच्या चार गावांतली माणसं आली होती. पेज शिजत होती, वाइनचे बुधले सावलीत होते, आणि मुस्तुलने सकाळपासून मधाशिवाय काही गिळलं नव्हतं. तो वाचू लागला तेव्हा पानंसुद्धा हलायची थांबली, निदान मुस्तुल तसं सांगतो. सहा नावं झाली. तो थांबला. गर्दी सातव्याची वाट बघत होती. बायकांनी पदर डोळ्यांशी नेऊन तयारी ठेवली होती.

सिद्दिन पुढे आला आणि म्हणाला की सातवं नाव नाही. ते जुन्या बिशपांनी सांगितलं नव्हतं. ते त्याने घातलं होतं, तीस वर्षांपूर्वी, रस्त्यात एका दगडावर बसून. मग त्याने दाखला वर धरून वाचून दाखवला, आणि कोठडीची हकिगतही सांगितली, भिंतीवर घासलेल्या हातासकट. तेवढं त्याने अंगावर घेतलं असतं तरी पुरे होतं. पण तो पुढे म्हणाला की नाव पुसलं तेही त्यानेच, जत्रा जवळ आली तसं सहन होईना म्हणून.

"चाटून पुसलं. बाबांनी माझी जीभ पाहिली आहे."

सगळ्या माना बिशपांकडे वळल्या. यादेर सिद्दिनकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर कडेला गेली. तिथं अरिशात बसली होती, पुढ्यात पेजेचा वाडगा, त्यातलं घासभरही गेलं नव्हतं, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. यादेर लिहिणारा माणूस होता, मूर्ख नव्हता. पण त्यांच्याकडे दोन चोर होते आणि जीभ एकच पाहिलेली होती, आणि तेवढी पुरे आहे असं त्यांनी ठरवलं.

"पाहिली आहे," ते म्हणाले.

शिक्षा त्यांनी तिथंच सांगितली. सिद्दिनचं पद गेलं. तो दाराबाहेर उभा राहील, प्रायश्चित्त घेणाऱ्यांत, भाकरीशिवाय. टेकडीवर त्याला जागा नाही. आणि ते स्वतः उठवतील तोवर मंडळीत त्याचं नाव कुणी उच्चारायचं नाही, भल्यात नाही, वाइटात नाही, प्रार्थनेतही नाही.

मग गर्दीतून कुणीतरी विचारलं की आता मात्तानचं काय. आवाजात राग होता. सतरा वाडगे घेऊन आलेली माणसं होती ती.

यादेरांनी साध्या मेलेल्यांची यादी हातात घेतली. मात्तानला कागदावर नाही, मनातच जागा केली असावी, कारण त्यांनी पहिलंच नाव घेतलं. "मात्तानसाठी. अरिशातच्या मुलासाठी. जो परत कोठडीत जाऊन बसला."

कुणी उठेना. तीस वर्षं ज्याच्यापुढे हात जोडले त्याच्यासाठी हात कसे जोडायचे, हेच लोकांना कळेना. शेवटी एक लंगडा गाढववाला उठला. तो म्हणाला की माझी तीन गाढवं त्याने शोधून दिली आहेत, आता त्याचं काही हरवलं असेल तर मी मागायला तयार आहे. आणि त्याने हात पसरले. मग स्पेसिना उठली, मोठ्याने नाक ओढत. मग सगळी टेकडी उठली.

अरिशात उठली नाही.  तिने बसल्या जागीच दोन्ही हात पसरले.

६

मी काही गोड सांगणार नाही. अरिशात सिद्दिनशी पुन्हा बोलली नाही. दर रविवारी मंडळीच्या घरात जाताना ती दारात उभ्या असलेल्या त्याच्या समोरून जायची, मान न वळवता. तो अंजीर तिच्या उंबऱ्यावर ठेवायचा, आणि ते तिथंच सुकून जायचं. मुस्तुल डीकन झाला. मात्तानचं खापर आता दर रविवारी नावानिशी यायचं. आजवर आपण कोरं टाकत होतो हे अरिशातने सांगितलं तेव्हा मुस्तुलनेच लिहून दिलेलं, आणि तो ते असं वाचायचा की रस्त्यावर ऐकू जावं. दाराबाहेर सिद्दिनला ऐकू जायचं.

ऑलिव्ह झोडपायचे दिवस आले. मात्तानचा खरा जन्म त्या दिवसांतला, हे आता थिमाऱ्यात एकट्या अरिशातला आठवत होतं. त्या रविवारी वाचन सुरू व्हायच्या आधी मुस्तुल टोपली घेऊन तणतणत दारात आला. इतक्या वर्षांच्या सवयीने तो अजून अडचणी सिद्दिनकडेच आणायचा. नाव मात्र घ्यायचा नाही, नियम म्हणजे नियम.

"ऐकतोस का रे. हे कोरं खापर अजून येतंय. मला वाटलं, ते म्हातारीचं, मात्तानसाठीचं. पण तिचं नावाचं वेगळं आहे, हे बघ, आणि हे वर आणखी. जत्रेनंतरच्या पहिल्या रविवारपासून येतंय. कुणाचं म्हणायचं? आता थिमाऱ्यात नाव घेता येत नाही असं मेलेलं कुणी उरलंय का?"

मेलेलं कुणी उरलं नव्हतं.

सिद्दिनने खापर हातात घेतलं. दोन्ही बाजूंनी पाहिलं, कोरं होतं. आत, पुढच्या ओळीत, अरिशातची पाठ दिसत होती. ती वळली नाही.

"फेकून देऊ?" मुस्तुलने विचारलं.

"नको," सिद्दिन म्हणाला. "आत ने. वाचायचं नाही, पण हातात घे. घेतोस ना? नुसतं हातात घे."